कार्ड मुलाचं, फोन आईचा: ॲड-ऑन कार्डावरच्या खरेदीला संरक्षण कुणाचं?

जुलैचा दुसरा आठवडा, लावणीचे दिवस. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून एक काकू भर पावसात चिपळूणला माझ्याकडे आल्या. मी विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं करून देतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत दुकानाचं बिल, फोनचा रिकामा खोका आणि कार्डाच्या मशीनमधून निघालेली चिठ्ठी, एवढंच होतं. साडेसत्तावीस हजारांचा फोन, पाच आठवड्यांपूर्वी घेतलेला. सकाळी पडवीत चार्जिंगला लावून सगळे शेतावर गेले. दुपारी जेवायला परतले तर चार्जर लोंबकळत होता, फोन नव्हता.

पैसे दिले होते क्रेडिट कार्डाने. कार्डावर नाव काकूंचं, पण खातं डोंबिवलीला असणाऱ्या मुलाचं. बँकेच्या भाषेत हे ॲड-ऑन कार्ड. मुलाने फोनवर धीर दिला होता, "आई, कार्डावर पर्चेस प्रोटेक्शन आहे, काळजी करू नको." पण काकूंच्या मनात शंका होती. "भाऊ, कार्ड पोराचं, फोन माझा. मग भरपाई कुणाला मिळायची? की दोघांनाही नाही?"

इतका नेमका प्रश्न मला क्वचितच कुणी विचारतं. कोकणात आता घराघरात हीच रचना आहे. मुलगा किंवा मुलगी मुंबई, ठाणे, पुण्यात, कार्ड त्यांच्या नावाचं. गावी आई, वडील, कधी धाकटा भाऊ, त्यांच्या हातात ॲड-ऑन. गणपतीआधीची खरेदी, मिक्सर, फोन, इन्व्हर्टर, सगळं त्याच कार्डावर. पैशाची सोय उत्तम होते. पण वस्तू चोरीला गेली किंवा जळाली की कळतं, संरक्षण नेमकं कुणाचं होतं हे कुणी विचारलेलंच नव्हतं.

आधी ॲड-ऑन कार्ड म्हणजे काय ते पाहू. मुख्य कार्डधारकाने सांगितलेल्या व्यक्तीला त्याच खात्यावर दिलेलं दुसरं कार्ड. लिमिट एकच, दोघांत वाटलेली. हवं तर ॲड-ऑनला वेगळी, कमी मर्यादा घालता येते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये कार्डांविषयी जे सविस्तर निर्देश काढले, त्यांत हे स्पष्ट आहे की ॲड-ऑन कार्डावरच्या देण्याची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. म्हणजे काकूंनी फोन घेतला तेव्हा बँकेचं कर्ज झालं मुलाला. दुकानदाराशी व्यवहार मात्र काकूंचा. बिलावर नाव त्यांचं, वस्तू त्यांची.

कर्ज एकाचं आणि वस्तू दुसऱ्याची, ही गाठ इथे बसते. आता तिच्यात तिसरा धागा येतो, विम्याचा.

पर्चेस प्रोटेक्शन ही बँकेने स्वतः दिलेली हमी नसते. बँक एखाद्या विमा कंपनीकडून आपल्या कार्डधारकांसाठी एकत्रित पॉलिसी घेते. तिला ग्रुप पॉलिसी किंवा मास्टर पॉलिसी म्हणतात. कार्डाने घेतलेली वस्तू खरेदीपासून ठरावीक दिवसांत चोरीला गेली किंवा आगीसारख्या कारणाने नष्ट झाली तर ठरावीक रकमेपर्यंत भरपाई, असं तिचं साधारण स्वरूप. दिवस कार्डागणिक वेगळे, कुठे तीस, कुठे नव्वद, कुठे त्याहून जास्त. रकमेची मर्यादाही तशीच. ती बहुतेक ठिकाणी अख्ख्या खात्याला मिळून असते, म्हणजे मुलाने मुंबईत एक दावा केला असेल तर आईच्या वाट्याला उरेल तेवढंच.

या पॉलिसीत विमा कुणाचा, हे ठरवणारा शब्द एकच, ‘कार्डधारक’. आणि त्याची व्याख्या पॉलिसीच्या पहिल्या एकदोन पानांवर असते. काही पॉलिसी म्हणतात, कार्डधारक म्हणजे मुख्य कार्डधारक आणि त्याच्या खात्यावरचे ॲड-ऑन कार्डधारक. काही फक्त मुख्य कार्डधारकापाशी थांबतात. काहींत आणखी गुंता असतो. अपघात विमा फक्त मुख्य कार्डधारकाला, खरेदीचं संरक्षण दोघांना, हरवलेल्या कार्डाचा विमा पुन्हा वेगळा. एकाच माहितीपत्रकावर हे सगळे फायदे ओळीने छापलेले असतात आणि आपण धरून चालतो की एकाला जो नियम तोच सगळ्यांना. तसं नसतं. प्रत्येक फायद्यापुढे ‘कुणाला’ हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो व्हॉट्सॲपवरून आमच्याकडे वरचेवर येतो. परदेशी असलेला कुणी भाचा इंग्रजी लेख पाठवतो की कार्डाने खरेदी केली की कार्ड कंपनीही दुकानदाराइतकीच जबाबदार. ते खरं आहे, पण ब्रिटनमध्ये. तिथल्या 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याचं 75 वं कलम असं सांगतं की वस्तूची किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पौंडांपर्यंत असेल, आणि विकणाऱ्याने करार मोडला किंवा खोटं सांगून माल विकला, तर ग्राहक थेट कर्ज देणाऱ्याकडे दाद मागू शकतो. तिथेही ॲड-ऑनचा प्रश्न अडतोच. कायद्याने हक्क दिला आहे कर्जदाराला, आणि कर्जदार मुख्य कार्डधारक. दुसऱ्या कार्डधारकाने स्वतःसाठीच वस्तू घेतली असेल तर कर्ज देणारा, कर्जदार आणि दुकानदार यांची साखळी तुटते. मुख्य कार्डधारकाच्या वतीने किंवा त्याच्याही उपयोगाची घेतली असेल तर वाद घालायला जागा उरते. आपल्याकडे असं कलम नाही. आपल्याकडे तीन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नयेत.

माल आलाच नाही किंवा भलताच आला, तर बँकेकडे व्यवहाराविषयी तक्रार करायची, ज्याला चार्जबॅक म्हणतात. कार्डाचा कुणी परस्पर गैरवापर केला, तर ती अनधिकृत व्यवहाराची तक्रार. माल नीट हाती आला आणि नंतर चोरीला गेला किंवा जळाला, तरच पर्चेस प्रोटेक्शन. काकूंचं प्रकरण तिसऱ्या वाटेचं.

आम्ही पॉलिसीचा मजकूर मागवला. मुलाने बँकेला तीनदा फोन केला, प्रत्येक वेळी "विमा कंपनीला विचारा" हेच उत्तर. विमा कंपनी म्हणे, मास्टर पॉलिसी बँकेच्या नावाची आहे, बँकेला विचारा. शेवटी लेखी ईमेल केल्यावर सोळा पानं आली. मी व्याख्या वाचली. ॲड-ऑन कार्डधारक धरलेले होते! काकूंचा प्रश्न सुटला असं वाटलं.

दावा नाकारला गेला, तो दुसऱ्याच शब्दावर. पॉलिसीत ‘चोरी’ नव्हती, ‘घरफोडी’ होती. आणि घरफोडीची व्याख्या होती, बळजबरीने, तोडफोड करून घरात शिरून किंवा बाहेर पडून केलेली चोरी. विमा कंपन्यांच्या कागदांत ही व्याख्या फार जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयानेही 2004 च्या एका निकालात घरफोडीच्या पॉलिसीबाबत हेच ग्राह्य धरलं की पॉलिसीत तसं लिहिलेलं असेल तर चोरीत बळाचा वापर दिसला पाहिजे, नुसती चोरी पुरत नाही.

आता सांगा, आमच्याकडे दिवसा पडवीला कुलूप कोण लावतं? कित्येक घरांना पडवी म्हणजे नुसता कठडा आणि वर कौलं. शेजारी येतो, पान खातो, जातो. फोन, रेडिओ, कोयती, सगळं तिथेच. शहरातल्या बंद फ्लॅटच्या हिशेबाने लिहिलेली व्याख्या या घराला लागू केली की चोरी होऊनही ती कागदावर ‘घरफोडी’ ठरत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. काकूंनी काहीही निष्काळजीपणा केला नव्हता. आपल्या घरात जसं राहतात तशा त्या राहिल्या होत्या.

म्हणून माझं सांगणं आहे, महागाची छोटी वस्तू, फोन, लॅपटॉप, कॅमेरा, ही संरक्षणाचे दिवस संपेपर्यंत तरी माजघरात, कडीकुलपाच्या आत ठेवा. आणि कडी तोडून चोरी झाली असेल तर तुटलेली कडी दुरुस्त करण्याआधी तिचे फोटो काढा, पोलिसांच्या पंचनाम्यात ती नोंदवून घ्या. ती तुटकी कडी हाच तुमच्या दाव्याचा पुरावा.

पोलिसांचा विषय निघालाच आहे तर एक फरक लक्षात ठेवा. ठाण्यात गेल्यावर फोनच्या बाबतीत बऱ्याचदा ‘हरवल्याचा दाखला’ मिळतो. नवं सिम घ्यायला तो चालतो, विम्याला चालत नाही. वस्तू नकळत गहाळ होणं हे जवळपास सगळ्याच पॉलिसींत वगळलेलं असतं, आणि तो दाखला तुमच्याच सहीने सांगतो की वस्तू गहाळ झाली. चोरी झाली असेल तर तक्रारीत ‘चोरी’ हाच शब्द लिहा आणि एफआयआरचा आग्रह धरा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, आणि गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी कुठल्याही ठाण्यात तो नोंदवता येतो. कोकण रेल्वेने येताना रात्री बॅग गेली आणि नेमकी कुठल्या स्टेशनाजवळ ते कळलं नाही, अशा वेळी ही तरतूद फार उपयोगाची. फिर्याद कुणी द्यायची? ज्याच्या ताब्यातून वस्तू गेली त्याने. मुख्य कार्डधारक डोंबिवलीत बसून फिर्याद देऊ शकेल, पण त्याने काही पाहिलेलं नसतं. आईने फिर्याद द्यावी आणि तिच्यात एक वाक्य घालावं की वस्तू मुलाच्या खात्यावरच्या माझ्या ॲड-ऑन कार्डाने घेतली होती. हे एक वाक्य पुढे खूप पत्रव्यवहार वाचवतं.

समुद्र, पूर आणि बंद घर

संरक्षणात कारणं कोणती धरली आहेत, हे किनाऱ्यावरच्या माणसाने इतरांपेक्षा बारकाईने पाहायला हवं. काही पॉलिसींत फक्त आग आणि घरफोडी असते. काहींत वादळ, पूर यांचाही समावेश असतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगरच्या बाजूला छपरं उडवली, पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्या चिखलातून बाहेर काढलेले नवेकोरे फ्रिज आणि वॉशिंग मशीन मी स्वतः पाहिले आहेत, दारावर अजून दुकानाचं स्टिकर असलेले. ‘आग आणि घरफोडी’ एवढंच लिहिलेल्या पॉलिसीतून अशा फ्रिजचा एक रुपयाही मिळत नाही, कार्ड मुख्य असो की ॲड-ऑन.

विजेचा दाब वरखाली होऊन यंत्र जळणं हेही बऱ्याचदा वगळलेलं असतं. पावसाळ्यात वीज चार वेळा जाते आणि येताना झटक्याने येते, तेव्हा टीव्हीचा बोर्ड जातो. तो खर्च कंपनीच्या वॉरंटीत बसतो का ते पाहायचं, कार्डाच्या विम्यात शोधू नका. खाऱ्या हवेने चढलेला गंज हा तर झीज या सदरात जातो आणि झिजेची भरपाई कुणीच देत नाही.

दागिने, रोकड, नाशवंत माल, गाड्या, जनावरं, रोपं, जुन्या वस्तू हे सहसा वगळलेलं. कलमं घेतली आणि पावसात मेली, असा दावा होत नाही.

बंद घराचा मुद्दा मात्र कोकणाच्या अगदी मर्मावरचा आहे. गणपतीला आलेला चाकरमानी नवा टीव्ही लावतो, दहा दिवस सगळे बघतात, मग घराला कुलूप लागतं ते शिमग्यापर्यंत. आगीच्या नेहमीच्या पॉलिसींत अशी अट असते की घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची परवानगी घेतलेली नसेल तर संरक्षण थांबतं. कार्डाच्या ग्रुप पॉलिसीतही अशी अट आहे का, हे शोधा. टीव्हीला नव्वद दिवसांचं संरक्षण असलं तरी या अटीने ते तुमच्या परतीच्या गाडीनंतर एका महिन्यात संपू शकतं.

कागद

ॲड-ऑन कार्डाच्या दाव्यात सगळ्यात जास्त अडचण कागदांवरच्या नावांची येते. बिल आईच्या नावाचं, स्टेटमेंट मुलाच्या नावाचं, आणि चिठ्ठीवर कार्डाचे शेवटचे चार आकडे. अनेक बँकांत ॲड-ऑन कार्डाचा नंबर मुख्य कार्डापेक्षा वेगळा असतो. दावा तपासणारा माणूस मुलाच्या कार्डाचे आकडे चिठ्ठीशी ताडून पाहतो, ते जुळत नाहीत आणि फाइल बाजूला पडते. म्हणून स्टेटमेंटच्या ज्या पानावर ॲड-ऑन कार्डाचा व्यवहार वेगळा दाखवलेला असतो ते पान जोडायचं. तसं पान नसेल तर बँकेकडून दोन ओळींचं पत्र घ्यायचं की हे कार्ड याच खात्यावरचं आहे.

ती चिठ्ठी हातात घेऊन बघा. गुळगुळीत, पातळ कागद, ज्यावर शाई नसतेच, उष्णतेने अक्षरं उमटतात. काकूंनी आणलेल्या चिठ्ठीवर पाच आठवड्यांत दुकानाचं नाव पुसट झालं होतं आणि रकमेतला शेवटचा आकडा मी अंदाजाने वाचला. आमच्या दमट हवेत, देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात, एका पावसाळ्यात ती कोरी होते. घरी पोचण्याआधी, दुकानातच तिचा फोटो काढा आणि मुलाला पाठवा. फोटोवर तारीख राहते आणि कागद गेला तरी अडत नाही.

बिलावर दोन्ही नावं घालता आली तर उत्तम. आईचं नाव, आणि खाली "पैसे अमुक यांच्या खात्यावरच्या कार्डाने" अशी ओळ. फोनचं बिल असेल तर त्यावर आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, असायलाच हवा. दुकानदाराला सांगितलं की तो लिहून देतो.

काही पैसे रोख आणि काही कार्डाने दिले तर भरपाई कार्डाच्या वाट्यापुरतीच मिळण्याची शक्यता असते. रुपे क्रेडिट कार्ड 2022 पासून यूपीआयला जोडता येतं, आणि आता गावच्या दुकानात स्कॅन करूनच पैसे जातात. अशा व्यवहाराला पॉलिसी ‘कार्डाने केलेली खरेदी’ मानते का, हाही प्रश्न बँकेला लेखी विचारण्यासारखा आहे.

दावा चालू आहे म्हणून कार्डाचं बिल थांबवू नका. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो. वस्तू गेली तरी कर्ज राहतं, त्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, आणि थकबाकीदार खात्याला विम्याचे फायदे बंद अशी अटही असू शकते. शिवाय थकबाकीची नोंद मुलाच्या नावावर लागते, आईच्या नाही.

कार्डच हरवलं किंवा कुणी वापरलं, तर ती वेगळी वाट, पण थोडक्यात सांगतो. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाने अशी चौकट घालून दिली की बँकेची चूक किंवा गलथानपणा असेल तर ग्राहकावर बोजा नाही, आणि चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल तर तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच बोजा नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. गावी शेजारच्या मुलाला कार्ड आणि पिन देऊन बाजारात पाठवतात. मुलगा चांगलाच असतो, पण पुढे काही झालं तर बँक हेच दाखवते. आणि ओटीपी मुख्य कार्डधारकाच्या मोबाइलवर जातो की ॲड-ऑनवाल्याच्या, हे दोघांनाही माहीत हवं.

दावा नाकारला तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, एक वर्षाच्या आत जाता येतं, फी नाही. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या व्यवस्थेचा क्रमांक 155255. चूक बँकेची असेल, म्हणजे "ॲड-ऑनलाही संरक्षण आहे" असं सांगून कार्ड दिलं आणि पॉलिसीत ते नव्हतंच, तर बँकेला तीस दिवस देऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, क्रमांक 14448. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. बँकेचं कार्यालय मुंबईत असलं तरी काकूंना रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं.

काकूंनी तक्रार केली आहे. पॉलिसीची प्रत खरेदीआधी तर सोडाच, मागूनही आठवडाभर मिळाली नाही, हा त्यांचा मुद्दा. निकाल अजून यायचा आहे.

मागच्या महिन्यात आमच्या घरी इन्व्हर्टर घ्यायचा होता. कार्ड माझं, ॲड-ऑन बायकोकडे, दुकानात तीच जाणार होती. मी आधी बँकेला ईमेल केला: ॲड-ऑन कार्डाने घेतलेल्या वस्तूला खरेदीचं संरक्षण आहे का, किती दिवस, किती रक्कम, चोरी धरता की फक्त घरफोडी, पूर धरता का, यूपीआयने पैसे दिले तर चालेल का, आणि या वर्षी लागू असलेल्या पॉलिसीची प्रत पाठवा. चार दिवसांनी उत्तर आलं. ॲड-ऑनला संरक्षण होतं, पुराला नव्हतं. इन्व्हर्टर आम्ही माळ्यावर बसवला, 2021 च्या पाण्याची खूण भिंतीवर आहे तिच्या तीन हात वर.